लटारूनं पारखलेलं पिल्लू

लटारू मोहुर्ले कुत्र्याचं पिल्लू आणायला सिंदेवाहीला निघाला, त्या दिवशी त्याच्या घरात लग्नाला निघाल्यासारखी गडबड होती. आठ वर्षांची नात चंचल दिवाळीचा फ्रॉक घालून, केसांना तेल चोपडून, कोंबडं आरवायच्या आधीपासून ओसरीवर बसली होती. सून दिव्यानीनं पिशवीत जुन्या लुगड्याची घडी घालून दिली, म्हणजे पिल्लाला बसमध्ये थंडी वाजू नये. फाल्गुन उतरणीला लागला होता आणि दुपारी अंगाची लाही होत होती, पण पिल्लाला थंडी वाजेल असं चंचलनं ठरवून टाकलं होतं, त्यामुळे कोणाचा इलाज चालला नाही.

लटारूची बायको आशाबाई मात्र अंगण सारवत होती आणि सारवता सारवता बोलत होती. कोणाला उद्देशून, हे सांगायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यांचा काळू नावाचा कुत्रा बिबट्यानं याच ओसरीवरून दिवेलागणीला उचलला होता. तेव्हापासून आशाबाईनं कुत्र्याचं नाव टाकलं होतं. कुत्रं दारात बांधणं म्हणजे बिबट्याला आवतन धाडणं, असं तिचं म्हणणं, आणि चिचटोल्यासारख्या रानाला चिकटलेल्या गावात ते काही खोटं नव्हतं. पण ही दोघं निघाली तेव्हा तिनंच चार भाकरी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून चंचलच्या हातात दिला. पिल्लाच्या आईला पोटभर खाऊ घातल्याशिवाय पिल्लू उचलायचं नाही, ही रीत होती. राग आपल्या जागी आणि रीत आपल्या जागी. एका आईचे तळतळाट घेऊन घरात काही आणायला आशाबाई तयार नव्हती.

पिल्लू चंचलसाठी आहे, असं लटारूनं घरात सांगितलं होतं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

लटारू बासष्ट वर्षांचा. चिचटोल्याचा गायकी, म्हणजे गावाची ढोरं सकाळी गोळा करून रानात चरायला नेणारा आणि संध्याकाळी ज्याची त्याच्या दारात आणून सोडणारा माणूस. बाप गायकी, आजाही गायकी. त्याच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून आईनं जन्मल्याबरोबर त्याला सुपात घालून अंगणभर लटारत, म्हणजे फरफटत, नेलं आणि नाव ठेवलं लटारू. असल्या नावाच्या पोराकडे मृत्यूही ढुंकून बघत नाही म्हणतात. आईचा हिशेब चुकला नाही. वाघाच्या रानात पंचेचाळीस वर्षं ढोरं राखून माणूस धडधाकट होता.

त्याच्या धडधाकटपणाचं श्रेय लोक त्याच्या कानांना देत. गळ्यातल्या घंटेवरून कुठली गाय कुठल्या नाल्यात उतरली हे तो बसल्या जागेवरून सांगायचा. चितळ ओरडलं तर भुकेनं ओरडलं की भीतीनं, वानर खाकरलं तर बिबट्यावर की वाघावर, हे त्याला कळायचं. चिचटोल्यातले बाप आपल्या पोरांना रानात पाठवताना सांगायचे, लटारूभाऊच्या मागं मागं राहा.

आणि नेमके तेच कान दोन वर्षांपासून चालले होते. आधी पाखरं गेली. मग लहान घंटा गेल्या, मग मोठ्या. मग पाठीमागून कोणी हाक मारली तर ती गेली. त्याला वाटलं मळ असेल. कोमट तेल झालं, लसूण तळून घातलेलं तेल झालं, काहीच उपयोग झाला नाही. डॉक्टरकडे जायचं तर घरात सांगावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं.

बहिरेपण लपवणं ही एक कलाच आहे आणि लटारू तिच्यात तयार झाला होता. चार माणसांत बसायचं तर पाठ भिंतीला लावून बसायचं, म्हणजे सगळ्यांची तोंडं समोर राहतात. शक्यतो आपणच बोलत राहायचं. दुसरा बोलला आणि काही कळलं नाही, तर मान हलवून "हो ना बाप्पा" म्हणायचं. या "हो ना बाप्पा"नं त्याला एकदा चांगलंच गोत्यात आणलं होतं. एका पोरीच्या लग्नात आचाऱ्याच्या हाताखाली तीन दिवस कांदे चिरायला तो कबूल होऊन बसला आणि का बसला हे त्याला कांदे समोर येईपर्यंत कळलं नाही.

चंचलचं बोलणं मात्र त्याला सगळं कळायचं. तिला लहानपणापासून सवय होती, आजोबांशी बोलायचं तर समोर उभं राहायचं, दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरायची आणि मग बोलायचं. आजोबा दुसरीकडे बघतात याचा तिला राग यायचा, एवढंच. पण त्यामुळे लटारूच्या आयुष्यात सबंध ऐकू येणारं असं एक माणूस उरलं होतं.

हे असंच खपून गेलं असतं. पण महिन्यापूर्वी एक गोष्ट घडली. वामनराव रामटेके म्हणून गावात निवृत्त शिक्षक आहेत, त्यांची कालवड कळपात होती. दुपारी लटारू तेंदूच्या झुडपाशी तंबाखू मळत उभा होता. सहज म्हणून मागं वळला. तीस पावलांवर वाघ कालवडीला ओढत नाल्यात उतरत होता. वरती झाडावर वानरांची टोळी फांद्या हलवत होती, त्यांची तोंडं उघडी होती, नरडी फुगत होती, आणि आवाज काहीच नव्हता. ती वानरं केव्हापासून ओरडत होती कोण जाणे. लटारू ढोरं घेऊन परत आला. मागं मागं येणाऱ्या पोरांनी लांबून बघितलेलं सांगितलं आणि गावानं त्याची वाहवाच केली. वाघाकडे पाठ करून शांत उभा राहिला म्हणे, लटारूभाऊच्या काळजाला तोड नाही. वामनरावांनीही त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लटारू "हो ना बाप्पा" म्हणाला आणि घरी येऊन जेवला नाही.

पुढं पाडवा होता. पाडव्याला गावातले ढोरवाले पारावर जमतात आणि वर्षाचा गायकी ठरवतात. वाघाच्या रानात बहिऱ्याच्या हाती कोण ढोरं देईल? कळलं की गायकीपण गेलं. आणि ढोरांशिवाय सकाळी उठून करायचं काय, हे लटारूला ठाऊक नव्हतं. ओसरीवर बसून पोरांच्या तोंडाकडे बघत म्हातारं होणं, एवढंच त्याला समोर दिसत होतं. म्हणून त्यानं मनाशी योजना केली. एक चांगलं कुत्रं आणायचं. निडर, कानाचं तिखट. ते पायाशी ठेवायचं आणि त्याच्या कानांनी रान ऐकायचं. कोणाला पत्ता लागायचा नाही.

सिंदेवाहीत एका राईस मिलवर त्याचा आतेभाऊ गुलाब मशीन चालवतो. मिलच्या मागच्या कोंड्याच्या ढिगात एका कुत्रीनं पाच पिल्लं घातली होती. लटारूला ही मिल फार आवडायची. मशीन चालू असताना तिथं सगळेच बहिरे असतात आणि सगळेच हातवारे करून बोलतात. दोन वर्षांच्या सरावामुळे लटारू त्यात गुलाबच्याही पुढं होता.

त्या दिवशी मशीन बंद होती. चंचल पिल्लं बघून जागच्या जागी उड्या मारू लागली आणि पाचही न्यायची म्हणाली. आधी आईला भाकरी आणि गूळ दिला. ती बिचारी दोन दिवसांची उपाशी असल्यासारखी जेवली आणि शेपटी हलवत बाजूला झाली, म्हणजे परवानगी मिळाली. मग गुलाबनं आपलं ज्ञान बाहेर काढलं. मानगुटीला धरून उचललं तर जे रडत नाही ते खरं. आणि नखं मोजायची, वीस भरली की कुत्रं वाघाला भीत नाही. एक काळं पिल्लू वीस नखांचं निघालं. गुलाबनं ते लटारूच्या हातात ठेवलं आणि सौदा झाल्यासारखे हात झटकले. तेवढ्यात कोणाची तरी धानाची गाडी आली आणि तो मशीन सुरू करायला आत गेला.

पट्टा फिरला. पत्र्याचं छप्पर थरथरलं. काळ्यानं लटारूच्या हातातून उडी मारली आणि शेपूट पोटात घालून पोत्यांच्या मागं पळालं. त्याच्या मागून बाकीची तीन. त्यांची आईसुद्धा उठून लांब गेली. एक पांढरं पिल्लू तेवढं राहिलं. ते कोंड्यात पाठीवर झोपलं होतं. त्यानं एक जांभई दिली, कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.

लटारू बघतच राहिला. एवढ्या धडधडाटात हे झोपतंय म्हणजे याला वाघ काय आणि बिबट्या काय. नखं मोजली तर अठराच, पण नखं गेली उडत. गुलाब परत येऊन काळ्याकडे बोट दाखवत राहिला, ओठ हलवत राहिला. लटारूनं पांढऱ्याला उचललं, छातीशी धरलं आणि हातानंच सांगितलं, हेच. चंचलनं आनंदानं गुलाबच्याच हाताचा मुका घेतला.

बसमध्ये पिल्लू लुगड्याच्या घडीत दहा मिनिटं राहिलं. मग त्यानं डोकं बाहेर काढलं, एका बाईची भाजीची पिशवी हुंगली आणि कंडक्टरच्या बोटाला चाटलं. कंडक्टरनं आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग पुढच्या प्रत्येक थांब्यावर येऊन तो त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. लोक नाव विचारू लागले. चंचलनं चिचटोला येईपर्यंत वेळ मागून घेतला आणि दोनच थांब्यांनी जाहीर केलं की कोंड्यात सापडला म्हणून याचं नाव कोंडू. लटारूला ते फार पटलं. त्याच्या घराण्यात असलीच नावं जगायची.

घरी अर्धी गल्ली जमली होती. दिव्यानीनं पिल्लावरून तांदूळ ओवाळून टाकले. आणलेलं जनावर चुलीभोवती तीनदा फिरवलं की ते घर धरून राहतं, म्हणून लटारूनं त्याला तीन फेरे घातले. मुलगा धनराज ट्रॅक्टर चालवतो, तोही काम अर्धवट टाकून बघायला आला. आशाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. कोंडूनं सकाळीच सारवलेल्या जागेवर, बरोबर तिच्या पायासमोर, मुतून ठेवलं. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिनं शेणाचा पो आणला, जागा पुसली आणि एवढंच म्हणाली की निदान चुलीत तरी नाही मुतलं.

तिसऱ्या दिवशी ती त्याला कोणी बघत नाही असं पाहून दूध पाजताना सापडली. चौथ्या दिवसापासून दिवेलागणीच्या आत कोंडूला घरात घेऊन त्याच्यावर कोंबड्यांचं डालं पालथं घालायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. बिबट्या आला तर माझ्या अंगावरून जाईल, असं ती म्हणाली. लटारूला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. सकाळी ढोरं नेताना तो कोंडूला खांद्यावर घेऊन गावाच्या वेशीपर्यंत मिरवायचा आणि भेटेल त्याला मिलची गोष्ट सांगायचा. गोष्टीतली मशीन रोज जरा मोठी होत होती.

सहाव्या दिवशी दुपारी दिव्यानी भांडी लावत होती. स्टीलच्या ताटांची चळत फळीवरून निसटली. कोंबड्या उडाल्या, शेजारीण कुडावरून डोकावली, चंचल शाळेचं दप्तर टाकून धावत आली. कोंडू ताटांपासून दोन हातांवर झोपला होता, तो झोपूनच राहिला. दिव्यानीनं त्याच्यामागं टाळी वाजवली. मग ताट वाजवलं. कुकरची शिट्टी झाली. कोंडूचा कान हलला नाही. पण ती चालत जवळ गेली, तसा जमिनीच्या हादऱ्यानं तो उठला आणि शेपटी हलवू लागला.

संध्याकाळी लटारू ढोरं सोडून घरी आला तेव्हा अंगणात सगळे गोल करून उभे होते. धनराज ट्रॅक्टरवर बसून हॉर्न दाबत होता आणि कोंडू पुढच्या चाकाला चाटत होता. लटारूला वाटलं काही खेळ चालला आहे. तो हसत पुढं आला. मग त्यानं तोंडं बघितली. चंचल रडत होती. सगळे एकदम बोलत होते, आणि सगळे एकदम बोलले की लटारूच्या हाती काही लागत नसे. एकच शब्द त्याला धनराजच्या ओठांवर दोनदा दिसला. वापस.

त्यानं धनराजचा हात धरला आणि विचारलं, काय झालं. धनराज खाली उतरला आणि समोर येऊन म्हणाला, "बाबा, कुत्रं बहिरं हाये. ऐतवारी गुलाबकाकाले नेऊन देतो वापस. त्याच्या बदली काळं आणतो."

लटारू खाटेवर बसला. मिल त्याच्या डोळ्यासमोर आली. भ्यायला आधी ऐकू यावं लागतं. हे पिल्लू शूर नव्हतं, त्याला मशीन सुरू झाल्याचं कळलंच नव्हतं. आणि त्यानं, लटारूनं, आख्ख्या गावाच्या गायक्यानं, झोपेला छाती समजून छातीशी धरून आणलं होतं. मग त्याला वामनरावांची कालवड आठवली. त्यालाही गावानं शूर म्हटलं होतं. दोघांचं शौर्य एकाच जातीचं होतं.

कोंडू येऊन त्याच्या पायावर बसला. दिव्यानी सांगत होती की मामाजी, रानाला लागून घर, बहिरं कुत्रं एका रात्रीचं धनी नाही. बरोबरच होतं तिचं. धनराजनं पिल्लाला उचलायला हात पुढं केला. लटारूनं तो हात बाजूला केला.

"बहिरं हाये म्हणून वापस कराचं असन," तो म्हणाला, "तं मंग मले बी नेऊन सोडा कोठी. मले बी आयकू येत नाई. दोन वर्षं झाले."

दिव्यानीनं पदर तोंडाला लावला. धनराज बापाच्या कानाकडे असा बघू लागला, जणू तिथं काही दिसणार होतं. लटारू खाली बघून बोलतच राहिला. वानरांचं सांगितलं, कालवडीचं सांगितलं, कुत्रं कशासाठी आणलं तेही सांगितलं. आपण किती मोठ्यानं बोलतो आहोत याचा त्याला अंदाज नव्हता. शेजारणीनं कुडाआड सगळं ऐकलं.

आशाबाई पुढं आली. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि चंचल धरते तशी तिनं त्याची हनुवटी धरली. लग्नाच्या बत्तीस वर्षांत तिनं असं कधी चारचौघांत केलं नव्हतं.

"म्हणजे दोन वर्षांपासून मी भिंतीसंग भांडून राह्यली होती?"

लटारूनं मान हलवली. दोन वर्षं ती समजून चालली होती की म्हातारपणी नवऱ्याला माज आला. हाक मारली तरी बघत नाही, विचारलं तर उत्तर देत नाही, भांडण काढलं तर उठून आखरावर, ढोरं गोळा होतात तिथं, जातो. कितीदा तिनं एकटीनं रडून घेतलं होतं, कितीदा त्याचं ताट मुद्दाम आदळलं होतं, आणि आदळल्याचंही त्याला कळलं नव्हतं. ती आधी हसली, मग रडली, मग भडकली. न सांगितल्याबद्दल तिनं त्याला एवढं झापलं की ते त्याला कानांवाचूनही कळलं. शेवटी तिनं कोंडूला उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं की या घरातून कोणी कुठं वापस जाणार नाही. बाईमाणूस एकदा बोललं की ते बोललं.

त्यानंतरचे दिवस घरात नुसती धमाल होती. चंचलनं कोंडूची शाळा उघडली. एकदा पाय आपटला की ये, दोनदा आपटला की बस. कोंडू दोन दिवसांत शिकला. लटारूलाही घरातले आता पाय आपटूनच हाक मारू लागले आणि तोही लगेच वळायचा. धनराजनं त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी कान तपासले आणि कानाची मशीन लावता येईल, पण ती यायला चार-पाच महिने लागतील, असं कागदावर लिहून दिलं.

पाडवा मात्र चार दिवसांवर आला होता. धनराज म्हणाला, पारावर काही बोलू नका, मशीन आली की सगळं ठीक होईल. शेजारीण तोंडाची फाटकी असली तरी तिलाही दिव्यानीनं शपथ घातली होती. लटारूनं दोन दिवस विचार केला. पाच महिने म्हणजे आख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा. तेवढ्यात वानरं कितीदा ओरडतील. आणि पुढच्या वेळी वाघाला कालवडच आवडेल असं थोडंच आहे, मागं मागं येणारी पोरंही असतात. तो पारावर बोलायचं ठरवूनच गेला.

चिचटोल्याची रीत अशी की पाडव्याला पारावर वेळूची एक नवी काठी ठेवतात आणि ज्याला गायकी ठरवतील त्याच्या हाती देतात. तीस-चाळीस ढोरवाले जमले होते, बायकाही बाजूला उभ्या होत्या. गुढ्या उभ्या राहून झाल्या होत्या, पोटात गोडधोड गेलं होतं, सगळे खुशीत होते. वामनरावांनी नेहमीसारखी काठी उचलली आणि लटारूकडे केली. लटारूनं ती घेतली नाही. कोंडू त्याच्या बगलेत होता. त्यानं वामनरावांकडे बघून सगळं सांगितलं. "गुरुजी, त्या दिवशी वानरं वरडून राह्यले होते. मले आयकू आलं नाई. तुमची कालवड माझ्यानं गेली."

मग सगळे एकदम बोलू लागले. लटारूचे डोळे या तोंडावरून त्या तोंडावर धावू लागले, पण एकही शब्द पकडता येईना. त्याच्याबद्दल काय ठरतं आहे हे गावात सगळ्यांना कळत होतं, फक्त त्याला कळत नव्हतं. झिंगू म्हणून एकाची आठ ढोरं कळपात होती. तो बोट नाचवत बोलत होता. त्याच्या बोटावरून एवढं कळत होतं की कानावाचून गायकी कसला. झिंगूचं चूक नव्हतं. लटारूनं कोंडूला घट्ट धरलं.

वामनराव उठून त्याच्यासमोर आले. शाळेत शुद्धलेखन घालताना बोलायचे तसे सावकाश बोलले. "कालवड गेली ते गेली, लटारू. त्या दिवशी तुले उचललं असतं तं आशाबाईले मी काय तोंड दाखवलं असतं?" त्यांच्या हातात काठी तशीच होती.

तेवढ्यात बायकांमधून आशाबाई पुढं आली. पारावर बायका बोलत नाहीत. ती चढलीच आणि कमरेवर हात ठेवून बोलू लागली. लटारूला तिची पाठ दिसत होती, म्हणजे एकही शब्द दिसत नव्हता. त्याला फक्त समोरची माणसं दिसली. ती माणसं आधी एकमेकांकडे बघू लागली. मग झिंगू ताडकन उठला आणि पारावरून उतरून तरातरा आपल्या घराकडे निघून गेला. लटारूनं मान खाली घातली. झालं, तो मनात म्हणाला. आठ ढोरं गेली, आता बाकीचीही जातील.

झिंगू परत आला तेव्हा त्याच्या हातात वेळूची एक काठी होती. जुनी, तेल पाजलेली, त्याच्या बापाची. तो लटारूकडे आलाच नाही. त्यानं ती आशाबाईच्या हातात दिली. आणि वामनरावांनी नवी काठी लटारूच्या हातात ठेवली.

सगळा पार हसत होता. लटारू गोंधळून आशाबाईकडे बघत राहिला. ती वळली, त्याच्यासमोर आली आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "मी येईन तुमच्या संगं रानात. रोज. माझे कान अजून शाबूत हायेत."

"मंग हे हासून काऊन राह्यले?"

"झिंगूभाऊ म्हणते, दोन बहिरे अन् एक बडबडी. वाघच रान सोडून जाईन."

गेली दोन वर्षं लटारू दुसऱ्यांची तोंडं बघून, सगळ्यांच्या मागून हसत आला होता. आज लोक अजून हसतच होते, आणि तो त्यांच्यात वेळेवर पोचला.